रंगाचे प्रमाण आणि जातीची ओळख : बँटम कोंबडीपासून नवापूरच्या बुसरापर्यंत

प्रास्ताविक

पाळीव पक्ष्यात एखादा नवा रंग आपोआप उमटू शकतो. त्या रंगाचा ‘रंगप्रकार’ होतो तो मात्र माणसाच्या ठरावाने. कोणते पीस कोणत्या रंगाचे असावे हे लिहून ठेवणे, त्याबरहुकूम पिढ्यान्‌पिढ्या पैदास करणे आणि त्यात न बसणारे पिल्लू बाजूला काढणे, या तिन्ही गोष्टी झाल्यावाचून नवा रंगप्रकार सिद्ध होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा उगम पाहून, तिच्या प्रकाशात महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील ‘बुसरा’ या लहान चणीच्या कोंबडीचा विचार केला आहे. युरोपातील शौकिनांनी घडविलेल्या जातींत रंग हीच ओळख ठरली. बुसरा जातीला ठरावीक रंगच नाही. हा भेद केवळ हौसेचा नसून जातीच्या अस्तित्वाशी निगडित आहे.

सेब्राइट यांचा प्रयोग

‘बँटम’ हे नाव जावा बेटावरील बंदरावरून आले. लहान चणीच्या कोंबड्यांना युरोपीय खलाशांनी दिलेले हे नाव पुढे सर्वच बुटक्या जातींना लागू झाले. या पक्ष्यांत हेतुपूर्वक नवा रंगप्रकार घडविण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील सर जॉन सेब्राइट (1767–1846) यांचे होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी अनेक वर्षे संकर व निवड करून सोनेरी आणि रुपेरी असे दोन प्रकार स्थिर केले. त्यांत प्रत्येक पिसाला काळी बारीक किनार असते आणि कोंबड्याचा पिसारा कोंबडीसारखाच, लांब शेपूट-पिसांवाचून असतो. 1810 च्या सुमारास केवळ या एका जातीसाठी मंडळ स्थापन झाले. मनाजोगते पीस तीन वर्षांत घडविता येते, पण डोके व चोच घडविण्यास सहा वर्षे लागतात, असे सेब्राइट कबुतरांविषयी म्हणत, अशी नोंद डार्विनने 1859 च्या ग्रंथात केली आहे. रंग हा शरीररचनेपेक्षा लवकर हाती लागतो हे या अनुभवी पैदासकाराने आनुवंशिकीचे नियम ज्ञात होण्यापूर्वीच ओळखले होते.

या यशाची किंमतही डार्विननेच नोंदवली आहे. सेब्राइट यांच्या वंशातून थेट आलेल्या रुपेरी बँटमची दोन भरलेली घरटी त्याने पाहिली. त्या वर्षी त्यांतून एकही पिल्लू निघाले नव्हते. पिसांची किनार राखण्यासाठी जवळच्या नात्यातच जोड्या लावल्या गेल्या आणि प्रजननक्षमता ओसरत गेली. नव्या रंगप्रकाराच्या इतिहासात हा प्रसंग कौतुकाच्या प्रसंगांइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

1865 मध्ये इंग्लंडमध्ये प्रदर्शनाच्या कोंबड्यांचे पहिले प्रमाणपुस्तक निघाले, 1874 मध्ये अमेरिकेत. रंग आता कागदावर बांधला गेला. काही रंग मात्र कागदाला जुमानत नाहीत. निळसर राखाडी कोंबडा व तशाच कोंबडीची जोडी लावली, तर सरासरीने निम्मीच पिल्ले निळसर निघतात; चतुर्थांश काळी व चतुर्थांश डागाळलेली पांढुरकी होतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेटसन व पुनेट यांनी अँडालुशियन कोंबड्यांवरून हे स्पष्ट केले. म्हणजे प्रमाणपुस्तकात मान्य असलेला रंगही प्रत्येक पिढीत शुद्ध उतरेलच असे नाही. पैदासकाराला हे ठाऊक असते, परीक्षकाला त्याच्याशी कर्तव्य नसते.

दख्खनची नोंद

महाराष्ट्रातील पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल सायक्स यांनी 1832 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात प्रसिद्ध केली. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याची नोंद तीत आहे. (याच्या मानेवरील मेणचट ठिपक्यांच्या पिसांना इंग्रज मासेमाऱ्यांची गळासाठी मोठी मागणी असे, रंगाची पारख अशीही होत होती.) डार्विनने 1868 मध्ये राखी रानकोंबड्याला पाळीव कोंबडीच्या पूर्वजांतून वगळले आणि तो मान फक्त तांबड्या रानकोंबड्याला दिला. 2008 मध्ये स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या जनुकीय अभ्यासाने या निर्णयात दुरुस्ती केली. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे व पिवळ्या पायांचे जनुक बहुधा राखी रानकोंबड्याकडून आले आहे. लेगहॉर्न, प्लिमथ रॉक अशा जातींच्या प्रमाणात पिवळे पाय अनिवार्य असतात. ज्या रंगाला अमेरिकेतील प्रमाणपुस्तकाने दंडक केले, त्याचे मूळ भारतीय द्वीपकल्पातील रानपक्ष्यात निघावे, ही गोष्ट दख्खनच्या इतिहासकाराने दुर्लक्षण्याजोगी नाही.

दख्खनमध्ये रंगांना नावे होती, अर्थही होते. तांबडी, कबरी, काळी, पांढरी यांपैकी कोणती कोंबडी कोणत्या देवाला चालते, उताऱ्यासाठी उलट्या पिसांची काळी कोंबडी का लागते, याचे संकेत गावोगाव पक्के होते. परंतु ही निवड पैदाशीसाठी नव्हती. हवा तो रंग मिळताच पक्षी कापला जाई. प्रदर्शनातला विजेता कोंबडा पुढच्या पिढीचा बाप होतो. नवसाचा कोंबडा होत नाही.

बुसरा आणि नवापूर

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसर व लगतचा दक्षिण गुजरात हा बुसरा कोंबडीचा मूळ प्रदेश. आदिवासी कुटुंबांच्या परसात वाढणारा हा पक्षी वजनाने साधारण एक किलोच्या आसपास भरतो; वर्षाला चाळीस ते पंचावन्न लहान अंडी देतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी कोंबड्यांच्या जातींत त्याची नोंद केली आहे. त्या वर्णनात पिसाऱ्याच्या रंगात मोठी विविधता असल्याचे म्हटले आहे. सेब्राइट यांच्या दृष्टीने ही जातच नव्हे. परसातल्या दृष्टीने हा दोष म्हणता येत नाही : कोंबडी खुडूक बसली, पिल्ले काढली, घार-मांजरापासून वाचवली, की तिचे काम झाले. किनार कशी आहे हे कोणी पाहत नाही.

याच नवापुरात फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जाहीर झाला. व्यापारी फार्मवरील लाखो पक्षी नष्ट करण्यात आले. परिसरातील गावांत घरोघरच्या कोंबड्याही गोळा केल्या गेल्या. फार्मचा मालक उबवणी केंद्रातून पुन्हा एक दिवसाची पिल्ले आणू शकतो, कारण त्याच्या पक्ष्याचा मूळ वंश अन्यत्र सुरक्षित असतो. परसातली कोंबडी गेली की त्या घरापुरता तो वंशच संपतो. 2021 मध्ये नवापुरात पुन्हा उद्रेक झाला. जिचा मूळ प्रदेशच देशातील या रोगाचा आरंभबिंदू ठरला, अशी दुसरी नोंदणीकृत जात दाखविणे कठीण आहे. नुकसानभरपाई पक्ष्यामागे मोजली गेली; जातीमागे ती मोजण्याची सोय नव्हती, कारण कोणती कोंबडी बुसरा आणि कोणती नुसती गावठी हे डोळ्यांनी सांगता येईल असे चिन्ह नव्हते.

येथे प्रमाणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. रिकाम्या झालेल्या परसांत सुधारित रंगीत पक्षी सहज शिरू शकतात. हैदराबादच्या संशोधन संस्थेने विकसित केलेले वनराज व ग्रामप्रिया, बंगळुरूचा गिरिराज हे पक्षी मुद्दाम रंगीत पिसाऱ्याचे ठेवले गेले, कारण ग्राहक रंगावरूनच गावरान ओळखतो. भाईंदरच्या दुकानातही पांढरा तो ब्रॉयलर आणि तांबडा-कबरा तो गावरान, असाच हिशेब चालतो आणि दर त्याप्रमाणे लागतो. या समजुतीचा लाभ संकरित पक्ष्याला मिळतो, बुसराला नाही. तांबड्या पिसांआड दोघेही सारखेच दिसतात.

तेव्हा बुसराचा एखादा रंगप्रकार, समजा ठिपकेदार तांबडा, निवडून स्थिर करावा काय? तसे केल्यास ओळख मिळेल, दर मिळेल. पण मोजक्या कोंबड्यांवर रंगासाठी निवड लादली, तर सेब्राइट यांच्या रुपेरी पक्ष्यांची रिकामी घरटी येथेही दिसतील. आणि दोन उद्रेकांतून निभावलेला, आधीच तुटपुंजा झालेला वंश ते सोसू शकणार नाही. अधिक सयुक्तिक मार्ग म्हणजे प्रमाण लिहावे, पण ते चणीचे, वजनाचे, तुऱ्याचे, अंड्याच्या आकाराचे आणि खुडूक बसण्याच्या गुणाचे. रंगाचा रकाना मोकळा ठेवावा. निरनिराळ्या गावांतील कोंबडे आलटून-पालटून वापरावेत आणि एक कळप नवापूरपासून दूर, वेगळ्या जिल्ह्यात राखावा, जेणेकरून पुढच्या उद्रेकाच्या परिघात सगळेच पक्षी सापडणार नाहीत.