विद्यावेतन जमा झालं, पण कुठल्या खात्यात? डीबीटी असं चालतं

"दादा, तीन महिने झाले, एक रुपया आला नाही." माझ्या मावसभावाचा फोन. तो आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका कारखान्यात लागला होता. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बारावी पासला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. म्हणजे त्याचे २४,००० रुपये अडकले होते. ऑफिसवाले म्हणत होते पैसे पाठवले, बँक म्हणत होती आधार लिंक आहे. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

डीबीटी म्हणजे नेमकं काय?

डायरेक्ट बेनिफिट ट्रान्सफर. सरकारी पैसा मधल्या टप्प्यांवर न थांबता थेट माणसाच्या खात्यात टाकायचा. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१३ पासून याची सुरुवात केली. आधी पैसा संस्थेकडे जायचा, मग बिलं, सह्या, आणि उरलं तर आपल्याला. अप्रेंटिसशिपचंच बघा ना. केंद्राच्या योजनेत सरकार स्टायपेंडचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये वाटा उचलतं. पूर्वी हा वाटा कंपनीला परत मिळायचा, २०२३ पासून तो थेट अप्रेंटिसच्या खात्यात जायला लागला. पीएम इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये आली तेव्हा महिन्याच्या ५,००० पैकी ४,५०० सरकार थेट देणार आणि ५०० कंपनी, अशी रचना होती.

खाते क्रमांक नाही, आधार नंबर

बहुतेकांचा घोळ इथेच होतो. आपल्याला वाटतं फॉर्ममध्ये जो खाते क्रमांक भरला, तिथेच पैसे येणार. पण आधारवर आधारित पेमेंटमध्ये तो नंबर बघितलाच जात नाही. पैसे जातात आधार नंबरवर.

एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी तीच संस्था, एक मोठा तक्ता ठेवते. त्याला मॅपर म्हणतात. त्यात तुमच्या आधार नंबरसमोर फक्त एका बँकेची ओळख असते, खाते क्रमांक नसतो. पैसे आले की मॅपर म्हणतो, "या बँकेत पाठवा", आणि ती बँक आपल्याकडे त्या आधारशी जोडलेलं खातं शोधून जमा करते. एका आधारला एका वेळी एकच बँक, आणि जी सगळ्यात शेवटी जोडली तीच.

म्हणून 'लिंक' आणि 'सीडिंग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी आधार दिलं की खातं लिंक होतं. तसं ते चार बँकांत असू शकतं. मॅपरमध्ये नाव चढवणं म्हणजे सीडिंग, आणि त्यासाठी तुमची वेगळी संमती लागते. काउंटरवर "आधार लिंक आहे का?" विचारलंत तर "हो" ऐकून परत याल. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग आहे का?" असं विचारा.

स्वतः कसं बघायचं?

मायआधार वेबसाइटवर आधार नंबर आणि ओटीपीने लॉगिन करा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव आणि ते चालू आहे की बंद, एवढं दिसतं. चुकीची बँक असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा संमती फॉर्म भरायचा. फुकट काम आहे. कुणी पैसे किंवा ओटीपी मागत असेल तर सरळ उठून या.

आम्ही बघितलं तर एका पेमेंट्स बँकेचं नाव! बारावीत असताना सिम घेताना दुकानदाराने "अंगठा ठेव" म्हणून ते खातं उघडलं होतं. याला पत्ताही नव्हता.

एक इंजिनिअर म्हणून सांगतो

डीबीटी वाईट नाही. मधले हात कमी झाले, हे मोठं काम आहे. पण पैसा भलत्या खात्यात गेला तर सिस्टीमच्या दृष्टीने व्यवहार यशस्वीच असतो. कुठेही लाल अक्षरात एरर येत नाही. शोधायचं काम ज्याच्या खिशात बसभाडं नाही त्याच्यावर पडतं. आणि डेटाच कच्चा असेल तर? प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा अहवाल २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात बहुसंख्य प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'एन/ए' किंवा काहीच नसल्याचं निघालं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही आम्ही असा रकाना रिकामा सोडून फॉर्म पुढे जाऊ देत नव्हतो.

भावाने गावच्या बँकेत फॉर्म भरला, चौथ्या महिन्याचे ८,००० तिथे आले. आधीचे २४,००० त्या जुन्या खात्यात सुरक्षित होते, फक्त त्याचा ओटीपी दोन वर्षांपूर्वी हरवलेल्या सिमवर जात होता. सध्या ते सिम पुन्हा चालू करायची खटपट सुरू आहे.