करदात्यांचा दवाखाना

5 जुलै 1948 रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेचा अंमल सुरू झाला. शतकानुशतके धर्मादायावर पोसलेली नामांकित इस्पितळे आणि नगरपालिकांच्या कळकट इमारतींतील रुग्णालये अशी एकंदर 2,688 रुग्णालये एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये त्या एका दिवसात सरकारच्या ताब्यात आली. या घटनेचे श्रेय मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांना देण्याची इतिहासकारांची रीत आहे, आणि त्या गृहस्थाचा करारीपणा पाहता ते श्रेय अस्थानी नाही. परंतु ज्या लोकमताच्या बळावर बेव्हन यांनी एका प्रबळ व्यवसायाशी झुंज दिली, ते लोकमत कोणा मंत्र्याने घडविले नव्हते. गरिबांनी आपल्या वैद्यासाठी आपल्याच मजुरीतून पैसे मोजण्याच्या एका जुन्या सवयीतून ते घडत आले होते.

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत निर्धन इंग्रजाने आजारी पडणे हा आरोग्याचा नव्हे, तर अब्रूचा प्रश्न होता. 1834 च्या दरिद्र-कायद्यान्वये चालणाऱ्या ‘वर्कहाउस’ नामक श्रमगृहाला जोडून रुग्णशाळा असे. तेथे उपचार मिळत, परंतु भिकारी हा शिक्काही बसे, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मनात त्या दारांची दहशत पुढे ती दारे सरकारी रुग्णालयांची झाल्यावरही कित्येक वर्षे टिकून राहिली. दानशूरांच्या वर्गणीवर चालणाऱ्या इस्पितळांत वागणूक बरी मिळत असे. तथापि 1895 साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने ‘अल्मनर’ नावाची एक अधिकारी नेमली, आणि रोग्याची ऐपत किती, तो खरोखरच गरीब की फुकट्या, याची चौकशी करण्याची ही प्रथा पाहता पाहता इतरत्रही पसरली. नाडी पाहण्याआधी खिसा तपासला जाई, हे ज्यांनी सोसले त्यांच्या नातवंडांनाही ऐकून ठाऊक होते.

1911 साली अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स भरावे, मालकाने तीन, सरकारने दोन. चारांत नऊ पदरात पडतात, अशी त्याची जाहिरात झाली. परंतु हा विमा कामगाराचा होता, त्याच्या कुटुंबाचा नव्हे. नवऱ्याला ताप आला तर विम्याच्या यादीतला, म्हणजे ‘पॅनेल’वरचा, डॉक्टर फुकट तपासणार, आणि बायकोला आला तर घरातल्या भांड्यात जपून ठेवलेल्या नाण्यांवर हात टाकावा लागणार, अशी ही व्यवस्था असल्यामुळे, गृहिणींनी आपले दुखणे अंगावर काढावे हाच जणू कायद्याचा अभिप्राय ठरला. 1948 नंतरच्या पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांच्या खोल्यांत ज्या बायका आल्या, त्यांत वर्षानुवर्षे गर्भाशय खाली उतरलेल्या, त्याबद्दल कोणाकडे चकार शब्द न काढता चूल, धुणे आणि बाळंतपणे उरकीत राहिलेल्या बायका पुष्कळ होत्या, असे त्या काळच्या डॉक्टरांनी नमूद करून ठेवले आहे. लोकमताचा इतिहास लिहिताना सभा आणि मतपेट्या मोजल्या जातात. या बायकांनी कोणत्याही सभेत भाषण केले नाही, पण पुढे ही योजना मोडीत काढण्याची कोणत्याही पक्षाची छाती झाली नाही याच्या मुळाशी त्यांची मूक साक्ष आहे, असे मला वाटते.

दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर हे कोळशाच्या खाणींचे गाव. तेथील खाणकामगारांनी व लोखंडी कारखान्यांतील मजुरांनी स्वतःची वैद्यकीय साहाय्यसंस्था उभारली होती; मजुरीतील दर पौंडामागे काही पेन्स कापून घेतले जात, आणि त्या बदल्यात कामगाराच्या बायकामुलांसह सर्वांना डॉक्टर, औषध व इस्पितळ मिळे. डॉक्टर हे या संस्थेचे पगारी नोकर होते. त्यांची नेमणूक खाणीतून हातपाय धुऊन आलेल्या माणसांची समिती करीत असे, ही गोष्ट त्या डॉक्टरांपैकी सर्वांनाच रुचत असेल असे नाही. ए. जे. क्रोनिन हे लेखक तेथे डॉक्टर होते, आणि 1937 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सिटॅडेल’ या त्यांच्या कादंबरीने त्या खोऱ्यांतील वैद्यकीचे चित्र लक्षावधी वाचकांपुढे मांडले. बेव्हन यांचा जन्म याच गावचा. तेरा-चौदा वर्षांच्या वयात ते खाणीत उतरले आणि पुढे या संस्थेच्या कारभारातही त्यांनी भाग घेतला. साऱ्या देशाचे ट्रेडेगर करावयाचे, एवढाच आपला हेतू, असे ते म्हणत असल्याचे सांगतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगरी मुलखात व बेटांवर तर 1913 पासूनच सरकारी तिजोरीतून डॉक्टरांना तनखा देण्याची पद्धत चालू होती, कारण तेथील शेतकऱ्यांपाशी विम्याचा हप्ता भरण्याजोगा रोख पगारच नव्हता. पण लंडनच्या विद्वानांना त्या बेटांची आठवण फारशी होत नसे.

पुढे महायुद्धाने उरलेले काम केले. बॉम्बहल्ल्यांतील जखमींसाठी सरकारने देशभरची इस्पितळे एका हुकमतीखाली आणली, आणि जे शांततेत अशक्य म्हणून सांगितले जाई ते युद्धात सहज घडते, हे रयतेने डोळ्यांनी पाहिले. 1942 च्या डिसेंबरात सर विल्यम बेव्हरिज यांचा, सर्वांसाठी सामाजिक विमा व आरोग्यसेवा सुचविणारा, अहवाल प्रसिद्ध झाला. (हे गृहस्थ जन्मले बंगालमधील रंगपूर येथे, वडील मुलकी सेवेत न्यायाधीश, आणि आई बाबराच्या आत्मचरित्राची इंग्रजी भाषांतरकार.) सरकारी अहवाल हा सामान्यतः वाळवीचा खाऊ, परंतु या दस्तऐवजासाठी सरकारी ग्रंथविक्रीच्या दुकानापुढे रांगा लागल्या, आणि संक्षिप्त आवृत्ती धरून सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या वेळी नव्यानेच रूढ होऊ लागलेल्या लोकमत-चाचणीत वीसांपैकी एकोणीस लोकांनी या अहवालाविषयी ऐकले असल्याचे आढळले. सैनिकांसाठी काढलेले त्याचे सार युद्धखात्याने दोन दिवसांत परत मागविले, आणि जे कागद सरकार परत मागविते ते वाचण्यासारखे असले पाहिजेत, असा निष्कर्ष सैनिकांनी काढला असल्यास नवल नाही.

1946 साली बेव्हन यांचा कायदा संमत झाला तेव्हा चर्चिल यांच्या हुजूर पक्षाने विरुद्ध मते दिली. पण खरा विरोध डॉक्टरांचा होता. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या एका माजी चिटणिसाने या विधेयकात जर्मनीतील नाझी राजवटीकडे नेणारे पाऊल पाहिले. विद्यमान चिटणीस चार्ल्स हिल, ज्यांचा आवाज रेडिओवरील आरोग्यविषयक गप्पांमुळे घरोघरी ओळखीचा होता, ते या आघाडीचे सेनापती झाले. 1948 च्या फेब्रुवारीत डॉक्टरांचे मत घेतले गेले, तेव्हा सुमारे 40,000 विरुद्ध आणि 5,000 हूनही कमी अनुकूल, असा कौल पडला. वैद्यांची स्वायत्तता ही नुसती ढोंगी सबब नव्हती. रोग्याशी असलेल्या नात्यात कारकुनाने नाक खुपसू नये ही मागणी आजही रास्तच ठरेल. परंतु दवाखान्याची खरेदी-विक्री करण्याचा हक्क हाही त्याच तत्त्वाच्या पदराखाली दडविला गेला होता, हे विसरून चालणार नाही. बेव्हन यांनी बड्या विशेषज्ञांना सरकारी रुग्णालयात खाजगी रोगी ठेवण्याची मुभा देऊन फोडले, आणि सामान्य डॉक्टरांना पगारी नोकर करणार नाही अशी कायदेशीर हमी दिली. मे महिन्यात पुन्हा मते घेतली तेव्हा विरोध उरला होता, पण त्याचा कणा मोडला होता. कारण दरम्यान रोगी नावे नोंदवू लागले होते, आणि ठरलेल्या दिवसापर्यंत जवळजवळ तीन-चतुर्थांश जनतेने आपापला डॉक्टर निवडलाही होता. गिऱ्हाइकानेच निकाल दिल्यावर दुकान बंद ठेवण्यात हशील नव्हते.

याच सुमारास आपल्याकडेही एक अहवाल तयार झाला होता. 1943 साली नेमलेल्या आरोग्यविषयक समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. ऑक्सफर्डचे जॉन राइल यांच्यासारखे परदेशी वैद्यकतज्ज्ञही त्यांच्या साहाय्याला आले होते. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व 1946 च्या भोर-अहवालात असंदिग्धपणे नमूद आहे. पण आपल्या खेड्यापाड्यांतून डॉक्टरासाठी वर्गणी भरणाऱ्या आणि त्याचा हिशेब मागणाऱ्या संस्थांची परंपरा नव्हती. मागणीच्या आधी अहवाल आला, आणि तो दफ्तरात मानाने ठेवला गेला.

ब्रिटनमध्ये सेवा सुरू होताच दात आणि डोळे यांचा महापूर लोटला. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे वाटले गेले. फुकट मिळते म्हणून लोक लुटतात, असा ओरडा झाला. दुसऱ्याच्या चष्म्यांतून वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नंबराची काच मिळाली, ही बाजू ओरडणाऱ्यांना दिसली नाही. कोरियाच्या युद्धखर्चासाठी 1951 साली चष्मे व कवळ्यांवर आकार बसविण्याचे ठरले, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला; पुढल्याच वर्षी औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग बसला. उधळपट्टी किती, हे पाहण्यास नेमलेल्या गिलबॉड समितीने 1956 साली उलटाच निर्णय दिला. 1949-50 ते 1953-54 या काळात राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले या खर्चाचे प्रमाण 3.75 टक्क्यांवरून 3.25 वर उतरले होते.

पुढील काळात ज्या खाणीच्या खोऱ्यांतून ही कल्पना निघाली, तेथे येण्यास इंग्रज डॉक्टर नाखूष असत. त्या जागा भारतीय उपखंडातून, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतूनही, गेलेल्या डॉक्टरांनी भरल्या. 1975 साली भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेण्यात आली, पण तोवर कित्येक वेल्श गावांचा ‘आपला डॉक्टर’ हा देशी नावाचाच झाला होता. दरम्यान एक मौजेचा पालटही घडला. 1982 साली खाजगी विम्याचा विचार मांडणारा एक सरकारी कागद फुटताच, आरोग्यसेवा आमच्या हाती सुरक्षित आहे, असे पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना त्याच हुजूर पक्षाच्या अधिवेशनात जाहीरपणे सांगणे भाग पडले. आणि 1989 साली त्यांच्याच सरकारने सेवेत बाजारी पद्धती आणू पाहिली, तेव्हा तिच्या रक्षणासाठी भिंतीभिंतींवर जाहिराती लावणारी संस्था होती तीच, ब्रिटिश मेडिकल असोसिएशन.

1983 पासून तेथे जवळजवळ दरसाल लोकांची मते पद्धतशीर नोंदविली जातात. सेवेबद्दल समाधानी असणाऱ्यांचे प्रमाण 1997 साली 34 टक्के होते, 2010 मध्ये ते 70 वर चढले, आणि 2023 मध्ये, महिनोन् महिने शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रांगांच्या काळात, 24 वर घसरले. हे आकडे दाखवून, जनतेचा या योजनेवरील विश्वास उडाला असे प्रतिपादन करणारे पंडित तिकडे आहेत आणि त्यांचे अनुवाद इकडेही होतात. पण त्याच 2023 च्या पाहणीत, सेवा उपचारसमयी विनामूल्यच असावी असे 91 टक्के आणि ती मुख्यतः करांतूनच चालावी असे 82 टक्के लोकांनी सांगितले. ही कुरकुर मालकाची आहे, गिऱ्हाइकाची नाही. गिऱ्हाईक नाराज झाले तर दुसरे दुकान पाहते, मालक नोकराला धारेवर धरतो. या मालकांपैकी 84 टक्क्यांना सेवेला पैशाची मोठी चणचण आहे हे मान्य होते. त्यासाठी कर वाढवा, असे म्हणणारे मात्र निम्म्याहून किंचित कमी, 48 टक्के निघाले, आणि अर्थमंत्री कोणत्याही पक्षाचा असला तरी अंदाजपत्रकाच्या आदल्या रात्री या दोन आकड्यांमधील अंतराचाच हिशेब करीत बसतो.