नारू : रोग व निर्मूलनाचा इतिहास

नारू : दूषित पाण्यावाटे माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या एका लांब सूत्रकृमीमुळे होणारा रोग. या कृमीस ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस असे शास्त्रीय नाव असून मध्ययुगीन आयुर्वेदीय ग्रंथांत त्याचे वर्णन ‘स्नायुक’ या नावाने आढळते. सतराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर यूरोपीय प्रवाशांना हा रोग मोठ्या प्रमाणावर दिसल्यामुळे त्यास ‘गिनी कृमी’ हे नाव पडले. शास्त्रीय नावातील दुसरे पद मदिना शहरावरून आले आहे. भारतात महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होता. त्यावर रामबाण औषध नाही, प्रतिबंधक लस नाही आणि एकदा रोग होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. असे असूनही तो भारतातून नाहीसा झाला व पश्चिम आफ्रिकेच्या बहुतेक देशांतून हटला. म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात त्याला विशेष स्थान आहे. हा इतिहास औषधालयापेक्षा पाणवठ्याचा अधिक आहे.

रोगाचे स्वरूप : संसर्गित पाण्यात सायक्लॉप्स नावाचे अतिसूक्ष्म कवचधारी प्राणी असतात व त्यांच्या शरीरात नारूचे डिंभ (अळीसारखी पूर्वावस्था) वाढत असतात. असे पाणी न गाळता प्यायल्यास जठररसाने सायक्लॉप्स मरतो. डिंभ मात्र मोकळे होऊन आतड्याच्या भित्तीतून शरीरात शिरतात. समागमानंतर नर मरतो. मादी ऊतकांतून (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांतून) हळूहळू प्रवास करीत सु. एक वर्षात ६० ते १०० सेंमी. लांब होते. या काळात रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही. नंतर बहुतांशी पायावर एक फोड येतो, तेथे तीव्र आग होते आणि फोड फुटून कृमीचे टोक बाहेर दिसू लागते. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो आणि त्याच क्षणी मादी हजारो डिंभ पाण्यात सोडते. ते सायक्लॉप्सच्या पोटात जातात व सु. दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. रोग्याची वेदना शमविणारे पाणी अशा रीतीने पुढील वर्षीच्या रोगाचे उगमस्थान बनते.

रोगकारणाचा शोध : मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेन्री जॉन कार्टर यांनी नारूचा व तळ्यांतील सूक्ष्म कृमींचा अभ्यास केला. तथापि संसर्गाचा खरा मार्ग आलेक्सी फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञांनी तुर्कस्तानात १८७० मध्ये दाखविला. डिंभ सायक्लॉप्समध्ये वाढतात हे त्यांनी सिद्ध केले. पुढे रॉबर्ट लीपर यांनी गोल्ड कोस्टमध्ये (सध्याचा घाना) १९०५ च्या सुमारास प्रयोग करून या निष्कर्षास पुष्टी दिली. मुंबईच्या जीवाणुवैज्ञानिक प्रयोगशाळेत (१९२५ पासून हाफकिन संस्था) डी. ए. तुरखूड यांनी मुंबई इलाख्यातील नारूच्या प्रसाराचा व संक्रमणाचा अभ्यास केला. म्हैसूर संस्थानात व्ही. एन. मूर्ती यांनी १९३० नंतरच्या दशकात विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडण्याची पद्धत अवलंबिली. म्हणजे रोगाचे कारण व प्रतिबंधाचा उपाय हे दोन्ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ज्ञात झाले होते. उणीव होती ती हे ज्ञान खेड्यातील विहिरीपर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेची.

बारव व नारू : दख्खनच्या पठारावर, विशेषतः मराठवाड्यात, पायऱ्यांची विहीर अर्थात बारव ही पाणीपुरवठ्याची जुनी व शिल्पदृष्ट्या देखणी सोय आहे. पाण्याची पातळी उन्हाळ्यात खोल गेली, तरी पायऱ्या उतरून घागर भरता येते. मात्र हीच सोय नारूला अनुकूल ठरते. राहाटाने किंवा पोहऱ्याने पाणी शेंदल्यास माणसाचा पाय पाण्याला लागत नाही. बारवेत मात्र पाणी भरणारा घोटाभर पाण्यात उभा राहतो व त्याच पाण्याने घागर भरतो. ज्या पाणवठ्यात रोग्याचा पाय बुडतो तोच पिण्याचा पाणवठा असणे, ही या रोगाच्या प्रसाराची एक प्रमुख अट होय.

औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील सिल्लोड हा अजिंठा डोंगराच्या परिसरातील तालुका अशा कोरडवाहू प्रदेशाचे उदाहरण म्हणून घेता येईल. गोदावरीची उपनदी पूर्णा याच डोंगरात उगम पावते; पण काळ्या पाषाणाच्या या भूमीत पाणी खडकाच्या भेगांपुरतेच साठते आणि उथळ विहिरी उन्हाळ्यात आटतात. पाणी कमी होत जाते तसे एका विहिरीवर अनेक वस्त्या अवलंबून राहतात. पाण्याच्या तुटवड्याने जसा पिकांवर, तसाच आरोग्यावरही आघात होतो, तो या कारणाने. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व खेड्यांतील आरोग्यसेवा तुटपुंजी होती. औरंगाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे आला.

रोग्याची शुश्रूषा : नारूवरील परंपरागत उपचार म्हणजे बाहेर आलेले कृमीचे टोक बारीक काडीला गुंडाळून दररोज काही सेंमी. याप्रमाणे तो ओढून काढणे. यास आठवडे लागतात. घाई झाल्यास कृमी तुटतो, त्याचा उरलेला भाग आत कुजून गळू होते. कधी सांधा कायमचा आखडतो, तर जखमेतून धनुर्वाताचा संसर्ग होण्याचाही धोका असतो. आधुनिक वैद्यकानेही या पद्धतीत मूलतः बदल केलेला नाही. जखम स्वच्छ ठेवणे, पट्टी बांधणे, वेदनाशामक देणे व धनुर्वातप्रतिबंधक लस टोचणे एवढीच भर घातली आहे. रोगाने मृत्यू क्वचितच येतो, पण रोगी आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळतो. भारतात उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे नेमके पेरणीच्या वेळी, रोगी अधिक आढळत. मालीतील डोगॉन लोक नारूला ‘रिकाम्या कणगीचा रोग’ म्हणतात. आग्नेय नायजेरियातील भातशेतीच्या प्रदेशात या रोगामुळे प्रतिवर्षी सु. २ कोटी डॉलरचे नुकसान होते, असा अंदाज १९८७ च्या एका पाहणीत करण्यात आला होता.

जालना हातपंप : महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याच्या कामास मोठा वेग आला. विंधन विहीर वरून बंद असल्याने तीत पाय बुडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र तीवर बसविलेले बिडाचे हातपंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी बनविलेले होते. सगळे गाव दिवसभर हापसू लागताच ते थोड्याच काळात मोडत आणि लोक पुन्हा जुन्या विहिरीकडे वळत. या अडचणीवर पहिला समर्थ उपाय मराठवाड्यातच निघाला. जालना येथील ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळेत १९६० नंतरच्या दशकात एकाच टेकूवर फिरणाऱ्या दांड्याचा मजबूत पोलादी पंप तयार झाला. सिल्लोड व जालना हे दोन्ही तालुके १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. सोलापूर येथे या पंपात आणखी सुधारणा झाल्या. त्यांच्या आधारे भारत शासन, युनिसेफ व मद्रास येथील रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क–२’ हा हातपंप सिद्ध झाला व १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. पुढे तो पश्चिम आफ्रिकेत पोहोचला. मालीमध्ये त्याची ‘इंडिया–माली’ ही आवृत्ती तेथेच बनविली जाऊ लागली. ज्या किनाऱ्याचे नाव या रोगाला मिळाले, त्याच्या पाठीमागील प्रदेशात दख्खनमध्ये घडलेला ‘हापसा’ अशा रीतीने रोगाविरुद्ध कामास आला.

भारतातील निर्मूलन : राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३–८४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला. १९८४ मध्ये आंध्र प्रदेश, कर्नाटक, गुजरात, तमिळनाडू, मध्य प्रदेश, महाराष्ट्र व राजस्थान या सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांच्या १२,८४० गावांत ३९,७९२ रोगी आढळले. घरोघर शोध घेऊन रोग्यांची नोंद करणे, जखमेवर पट्टी बांधून रोग्यास पाण्यात उतरू न देणे, पायऱ्यांच्या विहिरींचे कठड्याच्या विहिरींत रूपांतर करणे, टेमेफॉस या रसायनाने सायक्लॉप्स मारणे, विंधन विहिरी घेणे आणि पाणी दुहेरी कापडातून गाळण्याचा प्रसार करणे ही कार्यक्रमाची अंगे होती. यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त होता आणि पाणी वस्त्रगाळ करून पिण्याची चाल ज्या समाजात पूर्वीपासून होती, तेथे तो समजावून सांगणेही सोपे होते. अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

पश्चिम आफ्रिकेतील प्रयत्न : १९८६ च्या सुमारास आफ्रिका व आशियातील सु. वीस देशांत प्रतिवर्षी ३५ लक्ष लोकांना नारू होत असे. नायजेरियात १९८८–८९ च्या शोधात साडेसहा लाखांहून अधिक, तर घानात १९८९ मध्ये सु. १,८०,००० रोगी आढळले. अमेरिकेतील कार्टर सेंटर, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने तेथे ग्रामीण स्वयंसेवकांचे जाळे उभारण्यात आले. मालीत आमादू तुमानी तुरे व नायजेरियात याकुबू गोवन या माजी राष्ट्रप्रमुखांनी स्वतः गावोगाव फिरून प्रचार केला. घानाची वाटचाल मात्र खडतर ठरली. १९९४ मध्ये उत्तर भागातील जमातींच्या संघर्षामुळे काम खंडित झाले. पुढे साव्हेलुगू या गावाचा नळपाणीपुरवठा बंद पडल्याने लोक तळ्याचे पाणी पिऊ लागले व २००६–०७ मध्ये तेथे रोगाचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर रोग्यांना विशेष केंद्रांत ठेवून, जेवण व शुश्रूषा पुरवून, कृमी पूर्ण निघेपर्यंत पाणवठ्यापासून दूर ठेवण्यात आले. रोग्याची काळजी व रोगाचा प्रतिबंध ही दोन वेगळी कामे नाहीत, हे यातून स्पष्ट झाले. नायजेरिया २०१३ मध्ये व घाना २०१५ मध्ये नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाले.

सद्यःस्थिती : २०२४ मध्ये जगात केवळ १५ रोगी आढळले; ते चाड व दक्षिण सूदान या देशांतील होते. तथापि चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांतही हा कृमी आढळू लागल्याने संपूर्ण उच्चाटनाचे काम लांबले आहे. महाराष्ट्रात नारू आता जुन्या लोकांच्या पायांवरील व्रणांत व आठवणींतच उरला आहे. मात्र अजिंठा डोंगराच्या परिसरात उन्हाळ्यातील पाणीटंचाई संपलेली नाही. नारू नसला, तरी दूषित पाण्यामुळे पटकी, विषमज्वर, कावीळ व अतिसार हे रोग उद्भवू शकतात. साव्हेलुगूचा अनुभव असे दर्शवितो की, एकदा मिळालेले शुद्ध पाणी टिकवून धरणे हे ते प्रथम मिळविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. नादुरुस्त हातपंप व बंद पडलेला नळ ही रोगाच्या पुनरागमनाची पहिली खूण होय.