तार तुटली की साचा थांबे

मुंबईच्या साचेखात्यात ज्यांनी दिवस काढले, त्यांना सांगावयास नको की, ताण्यातील एक तार तुटली आणि साचा तसाच चालू राहिला, म्हणजे हां हां म्हणता कापड वाया जाते. जपानच्या साकिची तोयोदाचे सारे आयुष्य मागापायी गेले. १८६७ साली जन्मलेला हा सुताराचा मुलगा आईला हातमागावर राबताना पाहतच वाढला. १९२४ साली त्याने पुरा केलेला स्वयंचलित माग तार तुटताच आपोआप थांबे. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणाऱ्या इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ साली त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. गुरूनेच शिष्याकडून विद्या विकत घ्यावी, तसा हा प्रकार!

साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३७ साली मोटारींची कंपनी काढली. घराण्याचे नाव तोयोदा, मोटारीचे टोयोटा. युद्धानंतर कंपनी दिवाळ्याच्या दारात आली. माणसे काढायची नाहीत, असा किइचिरोचा आग्रह होता. पण पैसा देणाऱ्यांपुढे तो टिकला नाही. १९५० साली संप झाला, दीड हजारांहून अधिक कामगार घरी गेले आणि जूनमध्ये किइचिरोनेही खुर्ची सोडली. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटले व अमेरिकन लष्कराकडून ट्रकांची मागणी आली. महिनाभर आधी ती आली असती तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे जे घडले, ते एकट्याच्या बुद्धीतून निघाले नाही. इकडून तिकडून जमवून, जोडून झाले. १९५० च्याच उन्हाळ्यात डेमिंग हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानात व्याख्यानांस आला. तयार माल तपासून वाईट बाजूला काढण्यापेक्षा काम चालू असतानाच आकड्यांवर नजर ठेवा, हे त्याचे सांगणे. त्याच वर्षी साकिचीचा पुतण्या एइजी फोर्डचा कारखाना पाहून आला, आणि १९५१ साली फोर्डच्या धर्तीवर कामगारांकडून सुधारणेच्या सूचना मागवणे सुरू झाले. नवशिक्यांना काम शिकवण्याची अमेरिकेची युद्धकाळातील पद्धतही आली. कामगाराला आले नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही, असे ती मानी. आम्हा मास्तरांना हे जरा झोंबते!

हे सारे एका दावणीला बांधले, ते मागाच्या कारखान्यातून मोटारीकडे आलेल्या ताइइची ओनोने. डब्याचा तळ दिसू लागला की गृहिणी वाण्याकडे चिठ्ठी धाडते, वर्षाचा साखरसाठा करून मुंग्यांना आमंत्रण देत नाही. अमेरिकेतील सुपरमार्केटच्या व्यवहारावरून ओनोने हेच हेरले. पुढच्या विभागाला लागेल तेवढेच मागच्याने करायचे, आणि मागणी चिठ्ठीने कळवायची. ‘कानबान’ म्हणतात ती हीच. साठा नसला की दोष लपवायला जागा उरत नाही. म्हणून दोष दिसताच साऱ्यांचे काम थांबवण्याचा हक्क त्याने साध्या कामगाराला दिला. साकिचीच्या मागाचे शहाणपण माणसाच्या हाती आले.

पण दोन माणसांचे काम एकाने होईल, अशी युक्ती कामगार सुचवील ती कशाच्या भरवशावर? दुसरा माणूस तोच निघाला तर? १९५० ची आठवण ताजी होती. कंपनी आणि कामगार संघटना यांनी परस्परविश्वासाचे संयुक्त जाहीरपत्र काढले, ते १९६२ साली. म्हणजे भरवसा जमायला एक तप लागले. मोटोरोला कंपनीत १९८६ च्या सुमारास निघालेल्या ‘सिक्स सिग्मा’शी टोयोटाच्या पद्धतीची सांगड पुढे अमेरिकेत घातली गेली. तक्ते आणि चिठ्ठ्या देशोदेशी गेल्या. ते जाहीरपत्र मात्र बहुतेकांच्या सामानात नव्हते, असे माझे मत आहे. मग सुधारणेचे नाव काढले की कामगार दचकतो, यात नवल ते काय?

डेमिंगच्या नावाचे पारितोषिक टोयोटाला १९६५ साली मिळाले. ते पाहायला किइचिरो नव्हता. १९५२ साली त्याला पुन्हा अध्यक्षपदी बोलावण्याचे ठरले होते. पण मार्चमध्येच, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तो वारला.