तारेविना वीज
नौपाड्यातून ठाणे स्टेशनकडे गेलो की रुळांवरची वीजतार आपल्याला दिसते. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी धावली ती अशाच तारेखालून. आकाशातल्या वायुजहाजाला तार कशी जोडणार? एक घनमीटर हेलियम जेमतेम एक किलो उचलतो. तेव्हा बॅटऱ्या जड पडतात. अमेरिकेत विल्यम ब्राउन यांनी १९६४ साली जमिनीवरून सूक्ष्मलहरी सोडून लहानसे हेलिकॉप्टर उडवले. (ते भरकटू नये म्हणून दोऱ्यांत ओवलेले होते, हेही मुलांना सांगावे!) १९९५ साली जपानात वायुजहाजावर असाच प्रयोग झाला. २००४ साली मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा थर सुटा केला, तो ग्रॅफीन. लहरी झेलणारी जाळी त्याने हलकी होईलही. पण अंतराबरोबर लहरी पसरतात आणि वीज वाया जाते, त्याला ग्रॅफीन काय करणार?