पेजेपासून अंड्यापर्यंत

जठराचा भाग कापून काढल्यावरही मनुष्य जगू शकतो, हे इ. स. १८८१ पर्यंत कोणासही सिद्ध करता आले नव्हते. त्या वर्षी २९ जानेवारी रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगाने ग्रासलेला भाग काढून टाकला आणि उरलेले जठर आतड्यास जोडले. ती स्त्री शस्त्रक्रियेतून वाचली. सुमारे चार महिन्यांनी मूळच्या रोगानेच तिचा अंत झाला. शस्त्राचे काम त्या दिवशी यशस्वी झाले खरे. परंतु शस्त्राचे काम जेथे संपते तेथे अन्नाचे सुरू होते. शिवलेल्या, आखूड झालेल्या जठरात कोणता घास केव्हा जावा, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकापुढे उभा आहे.

जठर अन्नाचे काय करते, याचे प्रत्यक्ष ज्ञान मात्र त्याआधीच एका अपघाताने मिळाले होते. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी शिरली. तो वाचला, पण जखमेचे छिद्र बुजले नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून रेशमी दोऱ्यास बांधलेले अन्नाचे तुकडे जठरात सोडून निरीक्षणे केली आणि १८३३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांच्या कोष्टकात शिजलेल्या भातास एक तास, फेटलेल्या कच्च्या अंड्यास दीड तास, मऊ उकडलेल्या अंड्यास तीन, तर कठीण उकडलेल्यास साडेतीन तास लागल्याची नोंद आहे. पदार्थ एकच, पण त्याचे रूप बदलले की जठराचे श्रमही बदलतात, हा त्या नोंदीचा अर्थ होय.

१८८१ सालीच कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने मेंदूच्या एका भयंकर विकाराचे वर्णन केले. त्याच्या तीन रुग्णांपैकी एक शिवणकाम करणारी तरुणी होती. तिने गंधकाम्ल प्राशन केल्याने जठराचे मुख आकसले होते आणि तिला सतत वांत्या होत असत. पुढे तिची दृष्टी व तोल बिघडला, शुद्ध हरपली आणि ती मरण पावली. अन्न पोटात न ठरल्याने ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा साठा संपतो आणि मेंदूस अशी इजा होते, हे पुढील शतकात उमगले.

वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्र चालविण्याची कल्पना याच अनुभवातून निघाली. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा सहसा वाढत नाही, हे आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले. १९६६ साली त्यांनी व चिकाशी इतो यांनी अतिस्थूल रुग्णांसाठी जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. एरवी लिटरभर अन्न सहज सामावणाऱ्या जठराऐवजी आज अशा पिशवीत सुमारे ३० मिलिलिटरच, म्हणजे दोन मोठे चमचेच मावतात.

एवढ्याशा जागेत घाई चालत नाही. म्हणून आज सर्वत्र पायऱ्या ठरविल्या जातात: प्रथम पाणी व निवळ पेये, मग दूध व प्रथिनयुक्त पेये, त्यानंतर घोटलेले अन्न, नंतर मऊ अन्न आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे घन अन्न. दिवस प्रत्येक शल्यविशारदाच्या मताप्रमाणे थोडेफार बदलतात. अंड्याचे स्थान या जिन्याच्या मधल्या पायरीवर आहे. दिवसाकाठी निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत आणि एका अंड्यातून सुमारे सहा मिळतात. म्हणून ते मोलाचे. पण कोरडे, कठीण अंडे घशाखाली अडते; मऊ शिजवलेले, चमच्याच्या टोकावर मावेल इतके घेऊन, नीट चावून खाल्लेले बहुतेकांस पचते. जेवताना पाणी पिऊ नये, हाही नियम त्याच कारणाने पडला.

चरकसंहितेत वमन-विरेचनानंतर पेज, मग दाट पेज, मग कढण आणि शेवटी मांसरस असा क्रम सांगितला आहे. बारीक विस्तव गवत, गोवरी वगैरे घालून हळूहळू मोठा करावा, असा दाखलाही तेथे आहे. चरकापुढे आजची शस्त्रक्रिया नव्हती. रिकाम्या कोठ्याचा स्वभाव मात्र त्याने ओळखला होता.

या क्रमात दोन धोके आहेत. भराभर उतरणाऱ्या वजनाच्या आनंदात रुग्ण पायरी चुकवतो, किंवा घास उलटतो म्हणून भयाने खाणेच टाकतो. पहिल्या चुकीने वेदना होते. दुसरीने शरीर झिजते. वांती थांबत नसेल तर ‘पथ्याचाच भाग’ म्हणून ती सोसत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. १८८१ सालच्या त्या शिवणकाम करणाऱ्या मुलीला वाचविणारे औषध तेव्हा कोणाजवळच नव्हते. आज ते कोणत्याही इस्पितळात मिळते.