आर्थिक विकास आणि लोकशाही (विकसनशील देशांतील)

दरडोई उत्पन्न, शिक्षण, नागरीकरण व उद्योगधंदे यांची वाढ आणि जनतेला निवडणुकीतून सरकार बदलता येईल अशी शासनव्यवस्था यांचा परस्परसंबंध. दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हा हा प्रश्न निकडीचा बनला. गरीब, निरक्षर समाजाला लोकशाही पेलेल का, आणि पेलली तरी तिच्यापायी विकास रखडेल का, अशी शंका त्या काळी अनेकांना वाटत होती.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सीमोर मार्टिन लिपसेट यांनी १९५९ मध्ये असे मांडले की, देश जितका संपन्न, तितकी तेथे लोकशाही टिकण्याची शक्यता अधिक. शिक्षण व मध्यमवर्ग वाढला की टोकाचे राजकारण निवळते, हे त्यांचे स्पष्टीकरण. पुढे त्यातून ‘आधी विकास, मग लोकशाही’ असा सोपा अर्थ काढला गेला आणि तो अनेक हुकूमशहांच्या सोयीचा ठरला. राज्यशास्त्रज्ञ अ‍ॅडम प्शेवोर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते १९९० या काळातील देशोदेशींची आकडेवारी तपासून २००० साली वेगळा निष्कर्ष काढला. लोकशाही उत्पन्नाच्या कोणत्याही पातळीवर जन्माला येऊ शकते. उत्पन्नाचा परिणाम दिसतो तो तिच्या आयुर्मानावर. १९८५ च्या किमतींनुसार दरडोई उत्पन्न १,००० डॉलरहून कमी असलेल्या देशांत ती सरासरी सुमारे आठ वर्षे टिके. ६,०५५ डॉलर या अर्जेंटिनाच्या १९७५ मधील पातळीच्या वर मात्र त्या काळात एकही लोकशाही कोसळली नाही.

‘आधी विकास’ या बाजूने नेहमी दक्षिण कोरियाचा दाखला दिला जातो. १९६१ च्या लष्करी उठावातून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांच्या काळात तेथील निर्यात उद्योग झपाट्याने वाढले, हे खरे. परंतु देशाची संपत्ती वाढत असताना राजवट सैल झाली नाही, उलट आवळत गेली. १९७२ च्या युशिन राज्यघटनेने पार्क यांच्या हाती जवळजवळ अनिर्बंध सत्ता दिली. ऑगस्ट १९७९ मध्ये बंद पडलेल्या एका विग कारखान्यातील कामगार स्त्रियांनी विरोधी पक्षाच्या मुख्यालयात ठिय्या दिला आणि पोलिसी कारवाईत त्यांच्यापैकी एकीचा मृत्यू झाला. पार्क यांच्यानंतर, मे १९८० मध्ये, ग्वांगजू शहरातील उठाव सैन्याने रक्तपात करून मोडला. जून १९८७ मध्ये विद्यार्थ्यांबरोबर कचेऱ्यांतील नोकरदारही रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे २९ जून रोजी सत्ताधाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मान्य केली. विकासाने कामगार, विद्यार्थी आणि नोकरदार या वर्गांची संख्या वाढवली. लोकशाही मात्र त्यांना झगडून मिळवावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी पुकारलेला लष्करी कायदा तेथील संसदेने काही तासांतच रद्द ठरवला, त्यामागे हाच इतिहास आहे.

संपत्ती कुठून येते, यावरही बरेच अवलंबून असते. तेलाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या आखाती राजवटींना नागरिकांच्या करांची फारशी गरज नसते, त्यामुळे हिशेब देण्याचे दडपणही कमी राहते. पण खनिज संपत्ती म्हणजे हुकूमशाही, असे समीकरण नाही. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या बोत्स्वानात हिरे सापडले, तरी बहुपक्षीय निवडणुका अखंड होत राहिल्या आणि २०२४ मध्ये पहिले सत्तांतर शांततेने झाले.

लोकशाहीमुळे विकास मंदावतो, हा आक्षेपही आता टिकणारा नाही. चीनने १९७८ नंतर साधलेली वाढ डोळ्यांत भरते. मात्र १९५८ ते १९६१ या वर्षांतला प्रचंड दुष्काळ व भूकबळीही त्याच कम्युनिस्ट पक्षाच्या राजवटीतले आहेत. अर्थशास्त्रज्ञ डॅरन अ‍ॅसिमोग्लू व इतरांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार लोकशाही स्वीकारलेल्या देशांचे दरडोई उत्पन्न सुमारे २५ वर्षांत, एरवी झाले असते त्यापेक्षा साधारण २० टक्क्यांनी अधिक होते.

भारत हा संपत्तीवर आधारलेल्या सिद्धांतांना सर्वांत मोठा अपवाद. १९५१ मध्ये साक्षरता सुमारे १८ टक्के असताना, १९५१-५२ च्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक प्रौढांना मताधिकार होता. १९७५ मध्ये आणीबाणी आली, आणि मार्च १९७७ मध्ये मतदारांनीच ती लादणारे सरकार घालवले.

गरिबाच्या दृष्टीने लोकशाहीचा आर्थिक लाभ वाढीच्या दरापेक्षा संकटकाळी अधिक स्पष्ट दिसतो. निवडणुका व मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांचे प्रतिपादन. १९४३ च्या बंगालमधील लक्षावधी मृत्यू परकी सत्तेखालचे होते. महाराष्ट्रातील बहात्तरच्या दुष्काळात लागोपाठ पिके बुडूनही तशी प्राणहानी झाली नाही. गावोगाव खडी फोडण्याची, पाझर तलावांची, नालाबांधांची कामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे त्यांवर होती. सुकडी (पूरक आहार) आणि मिलो (आयात केलेली ज्वारी) यांवर दिवस काढलेल्या पिढीला ते दिवस सुखाचे म्हणून आठवत नाहीत. तरीही कामे निघाली, कारण मजुरांचे मोर्चे, विधिमंडळातील विरोधक आणि वृत्तपत्रे सरकारला स्वस्थ बसू देत नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. तिच्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे शहरी पगारदाराचा पैसा खेड्यातल्या मजुराच्या हक्कासाठी वापरला गेला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला या अनुभवाचा मोठा आधार होता.

मात्र दुष्काळाला चटकन प्रतिसाद देणारी हीच व्यवस्था रोजच्या उपासमारीपुढे थिटी पडते. मेळघाट या आदिवासी भागातील कुपोषण व बालमृत्यू अनेक दशके बातम्यांत, न्यायालयात आणि विधिमंडळात येत राहिले, तरी संपले नाहीत. राजकीय समता असूनही सामाजिक व आर्थिक विषमता राहील, या विसंगतीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत लक्ष वेधले होते. विखुरलेल्या, असंघटित आदिवासी मातांचा आवाज मोर्चातल्या हजारोंइतका दूर पोहोचत नाही. प्रत्येक मताची किंमत सारखी असली, तरी ते मत धरून सरकारला जाब विचारण्याचे बळ सर्वांपाशी सारखे नाही.